'पारंपरिक' म्हणजे कोण हो?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण आहे ते एमपीथ्रीचे टॅग 'साफ' करणाऱ्यांशी. हल्ली त्यासाठी वेगळा प्रोग्रॅमही उतरवून घ्यावा लागत नाही. एखाद्या संकेतस्थळावर फाइल चढवायची, गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम हे रकाने भरायचे, एखादं चित्र डकवायचं आणि फाइल परत घ्यायची. दोन मिनिटांचं काम. पण या दोन मिनिटांत हटकून एक माणूस बेपत्ता होतो, तो म्हणजे कवी. त्याच्या मागोमाग संगीतकार.

'इंद्रायणी काठी'चंच घ्या. कलाकार भीमसेन जोशी, अल्बम 'अभंग' किंवा 'भक्तिगीते', बाकी सगळं कोरं. एखादा उत्साही गृहस्थ त्या कोऱ्या जागी 'पारंपरिक' असं ठोकून देतो. झालं! ऐकणारा समजतो की कुणा जुन्या संताची रचना असणार. प्रत्यक्षात हे गाणं १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटातलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची. गदिमांनी संतांच्या तोलाचं लिहिलं, त्याचं बक्षीस म्हणून त्यांचं नावच पुसायचं?

गदिमा १९७७ साली गेले. पुण्यात त्यांचं स्मारक व्हावं म्हणून आपण पुणेकर वर्षानुवर्षं भाषणं ठोकत आलो, पत्रं लिहीत आलो. स्मारकाला जागा लागते, निधी लागतो, मंजुरी लागते. टॅगमध्ये नाव लिहायला यातलं काहीच लागत नाही. तरी ते लिहिलं जात नाही!

'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' हा तर खरोखरच अभंग. पण तोही 'पारंपरिक' नाही. तो नामदेवांचा आहे आणि त्याची चाल राम फाटकांची आहे. पुणे आकाशवाणीत काम केलेल्या या संगीतकाराचं नाव किती फायलींत सापडतं, ते आपापल्या संग्रहात शोधून बघा.

या गोंधळाचं मूळ जुनं आहे, हे कबूल. १९९६ साली आयडी-थ्री टॅगची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिला फाइलच्या शेवटी जेमतेम १२८ बाइट जागा होती. गाणं, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट. गीतकाराला रकानाच नाही, संगीतकारालाही नाही. संगीतप्रकारांच्या यादीत 'पोल्का' होता. भावगीत, नाट्यगीत, लावणी यांचा पत्ता नव्हता. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे 'भीमसेन जोशी' हे नाव भरतं ३१ बाइट. एका बाइटने पंडितजी बाहेर :)

पण १९९८ साली दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात गीतकार, संगीतकार दोघांचे स्वतंत्र रकाने आले, देवनागरीचीही सोय झाली. त्याला पाव शतक उलटून गेलं. आता तंत्रज्ञानाच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'अहो, गाणं कानांनी ऐकायचं असतं, नावं काय करायचीत?' मग गायकाचं नाव तरी का ठेवता? तेही काढा की! दुसरं उत्तर असं, की आता सगळं स्ट्रीमिंगवर असतं, फायली कोण जपतो? पण स्ट्रीमिंगवरचं गाणंही कुणीतरी भरलेल्या माहितीवरच शोधलं जातं. तिथेही गायकाचं नाव ठळक असतं आणि गीतकार कुठल्यातरी आतल्या पानावर, असला तर. तबकडीचं वेष्टन गेलं, कॅसेटमधला कागद गेला. श्रेयनामावलीला आता घर उरलंय ते या रकान्यांचंच.

आणि हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तिच्यात कलम ६५ब आलं. कृतीचं नाव, कर्त्याचं नाव यांसारखी हक्कविषयक माहिती जाणूनबुजून आणि परवानगीशिवाय काढणं किंवा बदलणं हा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. घरच्या फायली नीटनेटक्या करणाऱ्याला कुणी पकडून नेणार नाही. पण कर्त्याचं नाव खोडून तिथे आपल्या संकेतस्थळाचा पत्ता डकवणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.

साल बदलणारी मंडळी वेगळीच. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ चं, चित्रपट २०१५ चा. 'घेई छंद मकरंद' नाटकात वसंतराव देशपांड्यांनी गायलं, चित्रपटासाठी त्यांचे नातू राहुल देशपांड्यांनी. दोन्हीकडे नुसतं 'देशपांडे' आणि २०१५ लिहून ठेवलं की आजोबा-नातू एक झालेच, शिवाय दारव्हेकरांचे शब्द आणि अभिषेकीबुवांचं संगीत ४८ वर्षांनी लहान झालं.

तेव्हा एवढंच करा. आपल्या संग्रहातली दहा गाणी काढा. 'आठवणीतली गाणी'सारख्या संकेतस्थळावर, जुन्या कॅसेटच्या कागदावर नावं पडताळा आणि गीतकार, संगीतकार देवनागरीत भरा. मामा, काकू, तुम्हालाही सांगतोय. कॅसेटींचे खोके तुमच्याच माळ्यावर आहेत. नाव सापडलं नाही तर रकाना कोरा राहू द्या. कोरा रकाना पुढच्या माणसाला शोधायला लावतो. 'पारंपरिक' लिहिलं की शोध तिथेच संपतो.