दीड लाख किलोमीटर चाललेली गाडी घ्यावी का?



१ जूनला मासेमारी बंद झाली, बोटी शाकारल्या, की जुन्या गाड्यांचे फोटो मोबाइलवर फिरायला लागतात. हंगामाचे पैसे घरात आलेत हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. यंदा हैदराबादच्या गाड्यांचे मेसेज जास्त दिसतायत. "कोठीतल्या मालकाची गाडी, दीड लाख किलोमीटर, किंमत तुमच्याकडच्यापेक्षा कमी." घ्यावी का, असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून हे सगळ्यांसाठी लिहितोय.

आमचं मत आधीच सांगतो. किलोमीटर जास्त म्हणून नाही म्हणू नका आणि स्वस्त म्हणून हो म्हणू नका.

आपण बोटीचं इंजिन तासांवर मोजतो. तोच हिशोब गाडीला लावा. हायवेवर ताशी ५० च्या सरासरीने दीड लाख किलोमीटर म्हणजे ३००० तास. दिवसाला १० तास धरले तर बोटीचं इंजिन २०० दिवसांत २००० तास चालतं. ते दीड हंगामात मोडीत काढतो का आपण? नाही. ऑइल वेळेवर बदललं का, इंजिन कधी तापलं का, हे विचारतो. गाडीलाही तेच विचारा. सर्व्हिसची बिलं मागा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. आतून भसाभसा धूर येत असेल तर रिंगा गेल्या समजा. हे बघायला आपल्या बंदरावरचा मिस्त्री पुरेसा आहे, त्यालाच सोबत न्या.

उलट ६० हजारच चाललेली, पण दहा वर्षं बंदराजवळ उघड्यावर उभी असलेली गाडी जास्त धोक्याची. खाऱ्या वाऱ्याने तिचा तळ खाल्लेला असतो. हैदराबाद समुद्रापासून लांब, हवा कोरडी. तिथली गाडी या बाबतीत आपल्याकडच्या गाडीपेक्षा बरी निघू शकते, हे मान्य करायला हवं.

पण तिथेही पाणी आहे. कोठी म्हणजे जुन्या रेसिडेन्सीचा, सुलतान बाजारालगतचा भाग. मुसी नदी तिथून जवळच. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत अतिवृष्टी झाली तेव्हा शहरात गाड्या वाहून गेल्या, कित्येक गाड्या पाण्यात बुडून राहिल्या. अशी गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ तिथे राहते. स्टेपनीच्या खाचेत हात घाला. सीटखालच्या रुळांना गंज आहे का बघा. काचा बंद करून वास घ्या. भिजलेलं लाकूड आपण वासावरून ओळखतो, मग गाडीला का फसायचं?

मीटरवरच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको, तो मागे फिरवता येतो. ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर ४० हजार, असं जुळत नाही. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडीचं वय आणि टायरची तारीख ताडून बघा.

आता खरा मुद्दा, कागद. हैदराबादच्या गाडीवर एपी नंबर असेल तर ती साधारण २०१४ च्या मध्याआधीची. त्यानंतर टीएस आला आणि मार्च २०२४ पासून टीजी. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे एपी नंबरवाल्या गाडीची मुदत संपत आली किंवा संपली. मग नूतनीकरण करावं लागतं, त्याचा खर्च आणि तपासणी वेगळी.

परराज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिथल्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८ लागतो. इथला टॅक्स वेगळा भरावा लागतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा. कर्ज कोठीच्या बँक स्ट्रीटवरच्या एखाद्या शाखेचं असेल आणि मालक फोन उचलेनासा झाला, तर त्या कागदासाठी हैदराबादच्या फेऱ्या तुम्ही मारणार का? थकलेले चलान, चासी नंबर, विम्याचे जुने दावे हेही तपासा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर अपघात झाला की दुरुस्तीचे पैसे अडकतात.

म्हणून हिशोब असा करा: गाडीची किंमत, इथला टॅक्स, नंबर बदलायचा खर्च, टायर, बॅटरी, क्लच, आणायचं डिझेल. ही बेरीज इथल्याच ओळखीच्या गाडीच्या किमतीला भिडत असेल तर हैदराबादला जायची गरज नाही.

आणखी एक. खाजगी गाडीत मासळीचे टप भरून बाजार करायचा विचार असेल तर घेऊ नका. व्यवसायासाठी वापरली म्हणून विमा कंपनी दावा नाकारू शकते. बर्फाचं खारट पाणी झिरपून पत्रा सडतो तो वेगळाच. मासळीला टेम्पोच घ्या, कारण तो त्याच कामासाठी नोंदवलेला असतो.

आणि पैसे कुठून येणार? १ ऑगस्टला बोट पाण्यात घालायची आहे. रंग, कलपात, जाळी, बर्फ, खलाशांची उचल, सगळं त्याआधी. किसान क्रेडिट कार्डाचं कर्ज याच खर्चासाठी असतं, गाडीसाठी नाही. हे बाजूला काढून जे उरेल त्यातूनच गाडी. गाडीशिवाय एक हंगाम निभावतो. बोट किनाऱ्यावर राहिली तर घर चालत नाही.

एवढं सगळं तपासून कोठीतली गाडी पास होत असेल तर खुशाल घ्या, किलोमीटर बघून घाबरू नका. फक्त ॲडव्हान्स पाठवण्याआधी आरसीची प्रत घेऊन संस्थेच्या कार्यालयात या. चार माणसं मिळून कागद वाचू. पैसे गेल्यावर वाचून काही उपयोग होत नाही.