आजीची भीती आणि मालवणचा समुद्र



आमच्या सात रस्त्यावरून विजापूर रोडने निघाले की कंबर तलाव लागतो. तो, सिद्धेश्वर तलाव आणि फार तर हिप्परग्याचा तलाव, एवढेच आम्हा सोलापूरकरांचे मोठे पाणी. नळाला पाणी यायचे ते चार-पाच दिवसांआड आणि आले की पिंप, घागरी, पातेली भरायची धांदल. अशा गावची माणसे समुद्राच्या पोटात उतरून मासे पाहून येतील, असे कोणी म्हटले असते तर मीच हसलो असतो. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हे घडले. त्याची हकिकत सांगण्यासारखी आहे, म्हणून आज लिहितो.

वर्षभराच्या भिशीचे पैसे आले होते. अकरावीतल्या मुलीने हट्ट धरला, "पप्पा, मालवणला जाऊ. तिथे स्कूबा डायव्हिंग करतात." पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून, तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्याखाली जायचे, याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. हे ऐकताच माझी आई हातातले सूप खाली ठेवून म्हणाली, "समिंदरात पोरीला घालतूस व्हय? आपल्यात कुनाला पवाय येतंय?"

आईचे खरे होते. तिचा थोरला भाऊ वयाच्या बाराव्या वर्षी भीमेच्या डोहात बुडून मेला. तेव्हापासून आमच्या घरात पाणी म्हटले की आधी भीतीच.

पण तो डोहात का गेला होता, हे आईने परवा पहिल्यांदा सांगितले. गावात पायऱ्यांची चांगली बांधीव विहीर होती. उन्हाळ्यात गावची पोरे पाठीला सुका भोपळा बांधून तिच्यात पोहायला शिकत. बाप काठावर उभा, चुलता पाण्यात. आमच्या वस्तीतल्या पोरांना त्या विहिरीची पायरी चढायची सोय नव्हती. मग ती चोरून नदीवर जात. शिकवणारा कोणी नाही, धरणारा कोणी नाही. मामा तसाच गेला.

बंधू-भगिनींनो, यावर विचार करा. आपल्यातल्या कितीतरी घरांत पोहणारे माणूस सापडत नाही. हा काही रक्ताचा दोष नव्हे. ज्यांना विहिरीला हात लावू दिला नाही, ते पोहायला कुठे शिकणार? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनेही पुढे तसा ठराव केला. तरी प्रत्यक्ष पाणी घेण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जावे लागले आणि न्यायालयातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले. तो लढा ओंजळभर पाण्याचा होता. पाण्यात निर्धास्त उतरण्याची पायरी त्याच्यानंतरची, आणि ती आपल्याला आपणच चढायची आहे.

मुलगी मात्र दोन उन्हाळे शहरातल्या जलतरण तलावावर पोहायला शिकली होती. म्हणूनच मी होकार दिला. आईला म्हणालो, "तूही चल." ती आली, पण नातीवर पहारा ठेवायला!

कोल्हापूर, फोंडा घाट, कणकवली करीत एसटीने मालवण गाठले. पहिल्या दिवशी होडीने सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू केले. चारी बाजूंना खारा समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी! आई विहिरीच्या काठाशी थबकली. वाटाड्याला विचारते, "हितलं पानी कुनीबी पितंय व्हय?" तो म्हणाला, "होय आजी, सगळेच." तिने काही न बोलता ओंजळ पुढे केली. कुणीतरी पाणी ओतले, ती प्यायली. मी दुसरीकडे पाहू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट. अंदमानात हॅवलॉक बेटावर, ज्याचे नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरूनही हे करता येते. मालवणला बोटीने किल्ल्याजवळच्या खडकांपाशी नेतात. आमचा गाईड गाबीत समाजातला, तिशीतला तरुण. बाप रापण ओढणारा. मासळी कमी झाली तेव्हा पोराने पाण्याखालचे रीतसर शिक्षण घेतले. पिढ्यान्‌पिढ्या पाण्याशी झगडणाऱ्या समाजाचे कसब आता त्याच्या घराला असे उपयोगी पडते आहे, हे पाहून बरे वाटले.

त्याने आधी फॉर्म भरून घेतला. दमा, हृदयविकार, कानाचे ऑपरेशन, फिट, गरोदरपण यांपैकी काही असेल तर पाण्यात न्यायचे नाही. सर्दी असली तरी नाही. आमचा धाकटा नऊ वर्षांचा. दहा वर्षांखालील मुलाला नेत नाहीत म्हणून त्याला चक्क नकार मिळाला. तो रडला, पण मला त्या गाईडचा विश्वास वाटला तो तिथेच.

मग त्याने समजावले. सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो, आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. लागेल तेवढीच हवा तोंडात सोडणारे यंत्र १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यों या दोघांनी बनवले, तेव्हापासून हे सोपे झाले. पाण्यात दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो, म्हणून कान दुखतात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकले की कान मोकळे होतात. सर्वांत मोठा नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर फुगवलेला फुगा वर येईपर्यंत दुप्पट होतो. श्वास रोखून वर आलो तर तीच गत आपल्या फुप्फुसांची, आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

खुणाही शिकवल्या. अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ म्हणजे "ठीक आहे". वर केलेला अंगठा म्हणजे "मला वर न्या". मी मान डोलावली आणि पाण्यात शिरताच सगळे विसरलो. सोबतच्या गाईडने खुणेने विचारले, ठीक आहे का? मी ऐटीत अंगठा वर केला. त्याने मला सरळ वर आणले! पुन्हा खाली गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला वर्तुळ जमले. वीस वर्षे कचेरीत अंगठे आणि सह्या घेणाऱ्या कारकुनाची ही गत!

मुलगी मात्र निवांत होती. पोहता येत नसले तरी पहिली डुबकी मारता येते, कारण गाईड धरून असतो. पण ज्याला पोहता येते तो घाबरत नाही, हा फरक मी स्वतः अनुभवला.

वर बोटीत आई बसली होती. गाईडने जाताना तिला सांगितले होते, "आजी, घाबरू नको. मी हिचो हात सोडूचंय नाय. पाण्यावर बुडबुडे येतत, तोवर नात श्वास घेता." आमची सौ. सांगते, आईने लाइफ जॅकेट घालून बोटीची कड धरली आणि त्या बुडबुड्यांवरून नजर हलवली नाही. पोरगी वर आली तेव्हा आईचेच डोळे पाण्याने भरले होते.

खाली काय पाहिले? काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचे थवे, आणि खडकासारखे दिसणारे पण जिवंत असलेले प्रवाळ. लाखो बारीक जीव मिळून ते घडते आणि फार सावकाश वाढते. एका लाथेने वर्षांची कमाई मोडते. इथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. म्हणून हात लावू नये, माशांना पाव टाकू नये.

धोकाही सांगितला पाहिजे. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. म्हणून जाताना काही गोष्टी पाहा. बोटीत प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट आहे का? फॉर्म भरून घेतला का? खाली नेण्याआधी उथळ पाण्यात सराव दिला का? एका माणसामागे एक गाईड आहे का? यातले एक जरी नसेल तर पैसे स्वस्त पडतात म्हणून पाय टाकू नका. पावसाळ्यात तर मुळीच नाही.

मालवण सगळ्यांना परवडेल असे नाही, हे मी जाणतो. पण गावात जलतरण तलाव असेल तर उन्हाळ्यात मुलाला, आणि मुलीलाही, तिथे घाला. वस्तीतल्या मंडळाने पाच-दहा मुलांची फी मिळून भरली तर तेही मोठे काम आहे. शिकवणारा जवळ असल्याशिवाय नदीत, खाणीत, शेततळ्यात मात्र एकाही पोराला उतरू देऊ नका.

घरी आल्यावर आईने मामाचा जुना फोटो पुसून भिंतीवर लावला. रात्री जेवताना मला म्हणाली, "बारक्यालाबी औंदा पवाय घाल."

मी हो म्हटले आहे.