तराजूवरचा शिक्का

पौडच्या बाजारपेठेतील दुकान असो वा पुण्याच्या भवानी पेठेतील पेढी, व्यापाऱ्याचा तराजू ठरलेल्या मुदतीत तपासला जातो आणि त्यावर शिक्का उमटतो. व्यापारी सचोटीचा असला तरी ही तपासणी टळत नाही. कारण काटा नकळत सरकतो. वैद्यकाचेही तसेच आहे. पदवी एकदाच मिळते, उपचारांविषयीचे पुरावे मात्र वाढत राहतात. प्रत्यक्ष उपचार पुराव्यानुसार होतात की सवयीनुसार, हे मोजावे कसे?

डॉ. मुकुंद उपलेकर यांनी एका सहकाऱ्यासह धारावीतील १०२ खासगी डॉक्टरांकडून क्षयरोगावरील उपचार जाणून घेतले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तब्बल ८० निरनिराळ्या औषधयोजना आढळल्या. डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी पुढे हीच परीक्षा पुन्हा घेतली. २०१० च्या त्यांच्या निष्कर्षांनुसार १०६ डॉक्टरांपैकी केवळ ६ जणांची चिठ्ठी अचूक होती.

तरीही कागदावरचे उत्तर म्हणजे वर्तन नव्हे. म्हणून २०१४-१५ मध्ये मुंबई, दिल्ली व पाटणा येथील ६२२ औषध दुकानांत प्रशिक्षित व्यक्तींना रुग्ण म्हणून पाठविण्यात आले. नुसता खोकला-ताप सांगितला, तेव्हा प्रतिजैविके न देता डॉक्टरांकडे पाठविण्याचे योग्य वर्तन १३ टक्के वेळाच घडले. ३७ टक्के वेळा प्रतिजैविके हाती पडली. क्षयाचे निदान झालेला अहवाल दाखविताच मात्र योग्य वर्तन ६२ टक्क्यांवर गेले. क्षयाची मुख्य औषधे तर एकाही दुकानाने दिली नाहीत.

या आकड्यांतून निंदा नव्हे, दिशा मिळते. रोगाचे नाव कळले की दुकानदार बहुधा योग्य तेच करतो. चूक होते ती नाव कळण्याआधी. ताम्हिणीकडच्या वाडीवरून मजुरी बुडवून आलेला माणूस प्रथम औषधाच्या दुकानातच थांबतो. तेथे मिळालेल्या चार गोळ्यांनी खोकला तात्पुरता दबतो, निदान लांबते आणि रोग घरात पसरतो.

औषधविक्री हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय आहे, त्यांनी स्वतःचा काटा स्वतःच तपासावा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या किती गिऱ्हाइकांना गेल्या महिन्यात थुंकीच्या तपासणीसाठी पाठविले, याची रोजमेळाशेजारी नोंद ठेवावी. सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते. एक विक्री कमी होईल. पण माप खरे ठरेल.