शब्द सोयीचा की उपचार योग्य?

'काउन्सेलिंग घेतोय' हे आता चारचौघांत सांगता येतं. 'मानसोपचार चालू आहेत' म्हटलं की मात्र आवाज आपोआप खाली येतो. माझी तक्रार नेमकी इथेच आहे.

समुपदेशन म्हणजे काकांचा सल्ला नव्हे, बरं का! परीक्षा, लग्न, नोकरी असा समोरचा एखादा प्रश्न घेऊन, थोड्या भेटींत माणसाला स्वतःची वाट दिसावी म्हणून केलेली ती मदत. सायकोथेरपी, म्हणजे बोलण्यातून होणारे मानसोपचार, त्याच्या खाली उतरतात. तीच भीती, तीच उदासी पुन्हा पुन्हा का येते ते शोधायचं आणि बदलायचं. त्याला महिने लागतात, कधी वर्षंही.

सीमारेषा पुसट आहे, मान्य. कार्ल रॉजर्सने १९४२ च्या आपल्या पुस्तकाच्या नावातच दोन्ही शब्द शेजारी ठेवले होते. पण म्हणून आपण सोयीचा शब्द निवडायचा? झोप उडालेल्या, जगणं नकोसं झालेल्या माणसाला 'चार वेळा काउन्सेलरकडे जाऊन ये' म्हणून घरच्यांनी निर्धास्त होणं मला धोक्याचं वाटतं. त्याला मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायलाच हवं. चांगला समुपदेशक स्वतःच तसं सांगतो. अगदी अडनिड्या वेळी सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन आहे: १४४१६.

आणि कुणाकडेही जाताना शिक्षण, अनुभव, नोंदणी विचारायला लाजू नका. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी आपण दहा जणांना विचारतो. मनाच्या बाबतीतच संकोच का?

असो. तुम्हाला काय वाटतं?