पांढरा कोट आणि दोन लाखांची फी

बारावीचा निकाल लागला की मला ठरावीक फोन सुरू होतात. ‘डीएमएलटीला घालू का? दोन लाख मागतायत.’ ‘मुलीला जीएनएम करावं की एएनएम पुरे?’ डॉक्टरकी आवाक्यात नाही हे घरानं मान्य केलेलं असतं, नुसतं बी.ए. करून काय मिळणार हीही धास्ती असते, आणि मग पॅरामेडिकलचं नाव निघतं. ही निवड मला चुकीची वाटत नाही. लॅब, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर इथे हात लागतात आणि लागत राहणार. पण घरात बोलणं होतं ते फी आणि पहिल्या पगाराबद्दल. हप्त्याचा विषय निघतो तो कोर्स संपल्यावर.

तो आधी काढू. समजा फी दोन लाख, दोन वर्षांत निम्मी-निम्मी भरायची, बँकेचं व्याज ११ टक्के. शिकताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, म्हणून घरचे निर्धास्त असतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं. ही तीन वर्षं संपतात तेव्हा दोन लाखांचे दोन लाख पंचावन्न हजार झालेले असतात. ते पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ५,५४५ रुपये. एकूण गेले ३ लाख ३२ हजारांच्या वर.

आता पगार. तुम्ही आज मेडिकलच्या दुकानात ९,००० कमावता आणि डिप्लोम्यानंतर गावच्या लॅबमध्ये १३,००० मिळतील असं धरा. आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. डिप्लोम्यानं तुमच्या पदरात टाकलं ते १३,००० नव्हे, ४,०००. आणि हप्ता ५,५४५. म्हणजे पगार वाढला नाही तर पाच वर्षं तुम्ही दुकानातल्या पोरापेक्षा मागे. शिवाय शिकताना दोन वर्षांचा पगार बुडाला तो वेगळाच.

हाच कोर्स ६०,००० फीमध्ये झाला तर हप्ता १,६६५ च्या आसपास येतो आणि पहिल्याच महिन्यापासून हातात काही उरतं. कोर्स तोच, पगारही तोच. लॅबवाला तुमच्या कॉलेजची इमारत बघून पगार ठरवत नाही. म्हणून ‘डीएमएलटी करू की नको’ हा प्रश्न अर्धवट आहे. किती फीमध्ये, हे त्याला जोडल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

यावर एक मोठा ‘पण’ आहे. प्रमाणपत्राची नोंदणी झाली नाही तर वरचं सगळं गणित फोल. नर्सिंगला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. पॅरामेडिकलसाठी राज्याचा २०११ चा परिषद कायदा आहे, आणि केंद्राच्या २०२१ च्या कायद्यानं अलाइड हेल्थ प्रोफेशनलच्या डिप्लोमा किंवा पदवीसाठी किमान २,००० तास आणि दोन ते चार वर्षांचा कालावधी घातला आहे. आता तुमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचे फलक आठवा. ‘सहा महिन्यांत डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी.’ फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: मागच्या बॅचच्या मुलांची परिषदेकडे नोंदणी झाली का, आणि त्यांचे नंबर देता का? उत्तरात जेवण, हॉस्टेल आणि कॅम्पसचं कौतुक आलं तर उठून या.

‘स्वतःची लॅब काढेल’ हे अब्बांचं स्वप्नही तपासून घ्यायला हवं. लॅबच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. डीएमएलटीवाल्याला एकट्याच्या सहीनं अहवाल देता येत नाही. लॅबच्या भरवशावर कर्ज काढणाऱ्यानं त्या डॉक्टरचा मोबदलाही खर्चात धरावा.

पैसा कुठून आणायचा? आपल्याकडे व्याज नको म्हणून बँकेची पायरी चढत नाहीत आणि अम्मीचं सोनं मात्र गहाण ठेवतात. तिथेही व्याजच आहे. ते शिकताना थांबत नाही, आणि थकलं तर दागिना लिलावात जातो. पुष्कळ घरांत तो दागिना हीच त्या बाईची एकमेव मालमत्ता असते. त्याआधी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात जा. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना तिथे ३ टक्क्यांच्या आसपास शैक्षणिक कर्ज मिळतं. वरचंच दोन लाखांचं उदाहरण ३ टक्क्यांनी केलं तर हप्ता ३,८६५ वर येतो. जामीनदार शोधावा लागतो आणि खेटे घालावे लागतात हे खरं, पण महिन्याला दीड हजाराहून जास्त वाचतात. बँकेतूनच घेतलं तर शिकतानाचं व्याज दरमहा भरत जा. मुद्दल फुगत नाही आणि बऱ्याच बँका त्यासाठी दरात थोडी सवलतही देतात.

मुलींसाठी आणखी एक दार आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केलं. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत. उरलेल्यांपैकी पुष्कळांना ईडब्ल्यूएसचा दाखला मिळू शकतो. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. आपला कोर्स त्यात बसतो का, हे आधी विचारून घ्या.

मुलींच्याच बाबतीत एक गोष्ट कुणी हिशोबात धरत नाही. कोर्स संपतो, वर्षभरात लग्न ठरतं, सासरी नाइट ड्यूटी चालत नाही आणि नोकरी सुटते. कर्जावर सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते, त्यामुळे हप्ता त्यांच्या खात्यातून जात राहतो. दोन घरं बसून मेहर, जेवणं, पाहुणे सगळं ठरवतात. त्या बैठकीत ‘ती नोकरी करणार आणि तिचं कर्ज तिच्या पगारातून फिटणार’ हेही ठरलं पाहिजे, आणि ते मुलीनं स्वतः बोललं पाहिजे. असं बोलणाऱ्या दोन मुली मला माहीत आहेत. एकीचं स्थळ मोडलं. ती आज डायलिसिस युनिटमध्ये आहे आणि तिचे सात हप्ते उरलेत.

जमातींनाही माझी मागणी आहे. निकालानंतर स्मृतिचिन्हं वाटण्याऐवजी त्या पैशातून अशा दहा मुलांना बिनव्याजी फी द्या, नोंदणीची खात्री करून, थेट संस्थेच्या नावानं. नोकरी लागल्यावर त्यांनी परत करायची आणि ती पुढच्या दहांना जायची. आणि ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे त्यांनी उत्पन्नाचा, जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला आत्ताच काढून ठेवा. जूनमध्ये तहसील कचेरीसमोर रांग लागते, आणि दाखला हातात येईपर्यंत पहिली फेरी संपलेली असते.