शिवणघर : रंगाचा शेजार



मागच्या महिन्यात आमच्या शिवणवर्गातली बदलापूरची एक मुलगी रडवेली होऊन आली. गिऱ्हाइकाच्या डाळिंबी साडीवर ब्लाऊज शिवायचे म्हणून तिने संध्याकाळी उल्हासनगरच्या बाजारातून टू बाय टू रुबियाचे कापड आणले होते. दुकानात अगदी साडीचाच रंग वाटला. रात्री बसून ब्लाऊज शिवले, सकाळी दारात उन्हात धरले तर साडी डाळिंबी आणि ब्लाऊज चक्क विटकरी! बाईंनी ते घेतले नाही. कापड, अस्तर, मजुरी सारे हिच्याच अंगावर पडले.

यात पोरीच्या डोळ्यांचा दोष नव्हता. रंग नुसता कापडात नसतो, कापडावर पडणाऱ्या उजेडावरही तो अवलंबून असतो. दोन कापडे वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असली, की ट्यूबलाईटखाली ती एकसारखी दिसू शकतात आणि उन्हात वेगळी पडतात. तेव्हा जपानी बाजारात जा की अंबरनाथ स्टेशनजवळच्या दुकानात, कापड दाराशी नेऊन पाहायला लाजू नका. साडी किंवा तिची चिंधी बरोबर न्या. आठवणीवर रंग जुळत नाही. आणि कापड पातळ असेल तर अस्तर खाली धरूनच पाहा. पांढरे अस्तर वरच्या रंगाला फिके करते.

आता रंगांची नाती. कागदावर बांगडी ठेवून वर्तुळ काढा आणि त्याचे सहा भाग करून क्रमाने लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा भरा. लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग. बाकीचे तीन त्यांच्या मिश्रणातून होतात. (टीव्हीच्या पडद्याचे गणित वेगळे असते, ते इथे नको.) वर्तुळात शेजारी असलेले रंग गुण्यागोविंदाने राहतात. पिवळ्यावर नारिंगी शांत दिसते. समोरासमोरचे रंग मात्र एकमेकांना उठाव देतात : लाल-हिरवा, पिवळा-जांभळा, निळा-नारिंगी. हिरव्या साडीला लाल काठ उठून दिसतो तो यामुळेच. पण तो काठ असतो म्हणून. निम्मा हिरवा, निम्मा लाल असा ड्रेस शिवलात तर डोळ्यांना भांडण वाटेल. एकाला घर द्या, दुसऱ्याला उंबरा.

हे पटत नसेल तर जीन्स पाहा. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या जीन्सचे धागे कापण्याचे काम आपल्यापैकी कितीतरी जणींनी घरी बसून केले आहे. निळ्या कापडावर सोनेरी-नारिंगी दोऱ्याची शिलाई का उठून दिसते, हे तेव्हा कोणी सांगितले नसेल. समोरासमोरचे रंग, आणि तेही दोऱ्याएवढेच! याच कापडाचे उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात. निळ्या धाग्याचाही गाभा पुष्कळसा पांढराच राहतो, रंग वरवर बसतो. धुऊन-घासून तो वरचा रंग काढला, की एकाच निळ्याच्या गडद-फिक्या छटा निघतात. एका रंगाच्या छटांवर उभी राहणारी ही रंगसंगती सर्वांत बिनधोक. तो निघालेला रंग वालधुनी नदीत किती गेला, हे काठावर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले होते.

शेजाराने रंग बदलतो, हे शास्त्रीय रीतीने मांडले ते फ्रान्सच्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसजवळच्या नव्हे, पॅरिसमधल्याच गोबेलिन्स या सरकारी विणकाम कारखान्यात तो रंगकामाचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी विणकरांची तक्रार. त्याने तपासले तर काळ्या रंगात खोट नव्हती; शेजारी विणलेले निळे-जांभळे रंग त्याला मारत होते. यावरचा त्याचा ग्रंथ १८३९ साली आला.

आपल्याकडे हा अनुभव पांढऱ्या साडीला येतो. लग्नाला, पौर्णिमेला पांढरी साडी नेसतो, आणि ब्लाऊज मोतिया रंगाचे असले की ते मळके वाटते. एकटे पाहिले तर छान असते! म्हणून दोन्ही एकाच पांढऱ्यातले घ्या, नाहीतर सरळ निळे घाला. पिवळट पडलेल्या पांढऱ्याला आपण नीळ देतो. निळीत जांभळी झाक असते, ती समोरच्या पिवळ्याला मारते.

एक गोष्ट मात्र मला रागाने लिहावीशी वाटते. सावळ्या मुलीला दुकानात कापड लावून पाहताना आईच म्हणते, “तुला नाही शोभायचं, फिकं घे.” मुलगी मुकाट्याने राखाडी, बदामी उचलते. अहो, सावळ्या अंगावर पांढरा अधिक शुभ्र आणि हळदी, राणी, मोरपंखी अधिक तेजस्वी दिसतो. त्या शेजारी कातडी थोडी गडद दिसेल, हे खरे. दिसू दे. कापड मुलीच्या अंगावर शोभायचे आहे, तिला लपवायचे नाही. आमच्या वर्गात मी प्रत्येकीला आरशासमोर, दिवसाउजेडी, चार रंगांचे तुकडे गळ्याशी धरायला लावते. निवड तिची तिने करायची, आईने बाहेर बसायचे.

त्या बदलापूरच्या मुलीचे विटकरी ब्लाऊज फुकट गेले नाही. तिच्या वहिनीच्या मोरपंखी साडीवर ते झकास बसले. फक्त बाह्या दोन बोटे उसवाव्या लागल्या. पुढच्या वेळी चौकडी आणि रेघांचे कापड बेतताना रेघ कशी जुळवायची ते पाहू. येताना खडू आणि जुने वर्तमानपत्र जवळ ठेवा.