लसीवरची माझी कविता मी मागं घेतोय

फेब्रुवारी २०२१ मध्ये याच पानांवर माझी एक कविता छापून आली होती. लसीवरची. ती मी आज मागं घेतोय. आणि हे साध्या गद्यात सांगतोय, म्हंजे कुणाला अर्थ लावत बसायला नको.

छापलेली कविता मागं घेता येत नाही, हे मला कळतं. यंदाच्या भीमजयंतीला आमच्या नाक्यावर एका कॉलेजातल्या पोरानं ती स्टेजवरून पाठ म्हटली. टाळ्या पडल्या. मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. लोक वळून बघत होते, पाठीवर थापा मारत होते. मला तात्या आठवत होता. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहिणं.

तात्या म्हंजे आमच्या टोळीतला जुना गडी. वय चोपन्न. कंत्राटी, माझ्यासारखाच. गोदीतली कायम नोकरी आता बापांच्या गप्पांत उरलीय. मार्च २०२० मध्ये देश बंद झाला, गोदी बंद झाली नाही. अत्यावश्यक सेवा! पांढरपेशे गॅलरीत उभे राहून थाळ्या बडवत होते तेव्हा आम्ही होल्डात गोण्या उचलत होतो, एकमेकांच्या घामात. सहा फुटांचं अंतर ठेवा म्हणे. हजारो वर्षं अंतरावर ठेवलेल्या माणसांना अंतर शिकवायला निघाले होते, आणि दहा बाय दहाच्या खोलीत ते ठेवायचं कुठं, हे काही कुणी सांगत नव्हतं.

१ एप्रिल २०२१ पासून पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना लस खुली झाली. त्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर तात्यानं मला विचारलं, "पोरा, तू मॅट्रिक झालेला, वाचतोस लिहितोस. घ्यावी का रं ती सुई?"

मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला एवढी घाई कसली? आधी साहेबलोकांच्या अंगात जाऊ द्या, मग बघू."

सगळे हसले. तात्याही हसला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्याला ताप भरला. खाट मिळेपर्यंत दोन दिवस गेले. महिना संपायच्या आत तात्या संपला.

खोटं बोलणार नाही. त्या आठवड्यात त्यानं लस घेतली असती तर वाचला असता, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. एकाच डोसावर, तेही दोन-तीन आठवड्यांत, शरीर किती तयार होतं याची खात्री कोण देणार? पण त्यानं माझा गुन्हा हलका होत नाही. त्यानं विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं, आणि तरी मी उत्तर दिलं. काकी आजवर मला वाईट बोलल्या नाहीत. एवढंच एकदा म्हणाल्या, "ते म्हणायचे, पोरगं वाचून सांगतंय." काकी, मी काही वाचलं नव्हतं हो. मी नुसतं लिहिलं होतं.

आता त्या कवितेकडं बघू. त्यात काय खरं होतं आणि काय दडवलं होतं, ते मांडतो.

१६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं. दिल्लीच्या एम्समध्ये पहिली सुई टोचली ती एका सफाई कामगाराला. माझ्या डोक्यात लगेच ठिणगी पडली. पाणवठ्यावर शेवटी, पंगतीत शेवटी, शाळेत दाराबाहेर, आणि इथंच तेवढं झाडूवाल्याला पहिला मान? कुठंतरी पाणी मुरतंय. संशयाला आधारही होता. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारीला परवानगी मिळाली तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निकाल बाहेर आले नव्हते. परवानगीच 'क्लिनिकल ट्रायल मोड'मध्ये होती. घेणाऱ्याकडून संमतीपत्रावर सही घेत होते, आणि कोणती लस हवी ते निवडायची सोय नव्हती. दिल्लीतल्याच एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलातल्या निवासी डॉक्टरांनी पत्र लिहून सांगितलं, आम्हाला ही नको, दुसरी द्या. डॉक्टर पत्र लिहू शकले. झाडूवाल्याचं पत्र कुणी लिहायचं?

हे सगळं खरं होतं, आजही खरं आहे. पण त्याच दिवशी त्याच एम्समध्ये तिथल्या डायरेक्टरनंही लस घेतली होती, हे मी कवितेत घेतलं नाही. ते माझ्या कवितेच्या सोयीचं नव्हतं. कोविड वॉर्डातला कचरा, चादरी, मुडदे कोण उचलत होतं, हे मला माहीत होतं. त्या माणसांना पहिल्यांदा लस मिळणं हा त्यांचा हक्कच होता. त्यांना शेवटी ठेवलं असतं तर? तर मी त्यावरही कविता लिहिली असती, आणि तीही टाळ्या घेऊन गेली असती. म्हंजे काहीही घडलं तरी माझी कविता आधीच तयार होती. याला मी बंडखोरी म्हणत होतो!

आपल्या लोकांचा संशय मात्र काही आभाळातून पडलेला नाही. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात, जो आज तेलंगणात आहे, आणि गुजरातेत बडोद्याकडं शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरोधी लस टोचली. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येनं होत्या. काही मुली मेल्या. ते मृत्यू लसीमुळं झाले असं चौकशीत सिद्ध झालं नाही. पण संमतीच्या कागदांवर आईबापांऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डननं, हेडमास्तरनं सह्या ठोकल्या होत्या, आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं या प्रकाराचे वाभाडे काढले. ज्याच्या पोरीच्या दंडाची सही दुसराच करतो, तो बाप पुढच्या सुईकडं कसा बघेल?

माझी आजी सांगते, तिच्या लहानपणी देवी काढणारा यायचा तो आमच्या वाड्याच्या वेशीवरच थांबायचा, पोरांना तिथं बोलवायचा. विटाळ नको, सुई तेवढी लागू दे. तरी तिनं देवी काढून घेतली. दंडावर व्रण अजून आहेत. तिच्या धाकट्या बहिणीला लपवून ठेवली होती, ती देवीच्याच साथीत गेली. गावात साथ आली की मरीआईचा गाडा वेशीपार ढकलायचं काम आपल्याकडं. गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत सोडायचा, तिथल्यांनी तो त्याच्या पुढं. अशी शेकडो वर्षं देवी या वेशीतून त्या वेशीत फिरत राहिली. १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रोगी सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. हे गाडा ढकलून झालेलं नाही. टोचून झालंय. आजीच्या दंडावरचा व्रण माझ्या कवितेपेक्षा जास्त शहाणा होता, पण मी तिला विचारलंच नव्हतं.

आणखी मागं जाऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सापडला तो मांडवीत, म्हंजे आमच्या गोदीच्या उंबऱ्यात. मूळच्या ओडेसाच्या हाफकिन नावाच्या ज्यू शास्त्रज्ञानं ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी त्यानंतर. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन त्या डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात आल्या होत्या. त्यातून त्यांना प्लेग झाला. शाळेत प्लेगचा धडा म्हटला की चाफेकर आणि रँड. सोजिरांनी घरात घुसून जुलूम केला, त्याचा राग खरा होता. पण त्याच शहरात, त्याच साथीत कुणीतरी आपल्या वाड्यातलं पोर पाठीवर घेत होतं. मला कवितेत नुसती गोळी झाडायची होती. तात्याला पाठीवर घ्यायचं काम माझं होतं.

तात्या गेल्यावर मी वाचायला लागलो. मग कळलं, आपल्याला 'घ्यावी की नाही' हा प्रश्न खरं तर कुणी विचारलाच नव्हता. १ मेपासून अठराच्या वरच्यांना लस खुली झाली म्हणे. सरकारी केंद्रावर साठा नाही, महाराष्ट्रात तर महिन्याच्या मध्यावर आमच्या वयाचं लसीकरणच थांबवलं. खासगी हॉस्पिटलात पैसे मोजा, जूनमध्ये कमाल दर ठरला तोही कोव्हिशील्डला ७८०, कोव्हॅक्सिनला १४१० रुपये. नोंदणी कोविनवर, तीही आधी इंग्रजीत. मराठी जूनमध्ये आली. फुकट लस सगळ्यांना २१ जूनपासून.

आणि लगेच सक्ती! १५ ऑगस्टपासून लोकल कुणाला, तर दोन डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांना. माझी बहीण मानखुर्दहून घरकामाला जाते. वय पंचवीस. हिशेब करा. तिनं २१ जूनलाच रांग लावली असती, तरी कोव्हिशील्डचा दुसरा डोस चौऱ्याऐंशी दिवसांनी, म्हंजे १३ सप्टेंबरला. पुढं चौदा दिवस धरले की लोकल २७ सप्टेंबरला. मे महिन्यात खासगीत कोव्हॅक्सिनचे पैसे मोजणारा मात्र अठ्ठावीस दिवसांत दुसरा डोस घेऊन १५ ऑगस्टला खुशाल खिडकीत बसला. मेमध्ये लस नाही, ऑगस्टमध्ये लस नाही तर गाडी नाही. या दोन्हींच्या मधे बसून समजावून सांगणारं कुणी नाही. २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कुणालाही लसीची जबरदस्ती करता येणार नाही, शरीरावरचा हक्क कलम २१ मध्ये येतो. बाबासाहेबांच्या संविधानातलं ते कलम माझ्या बहिणीपर्यंत पोचायला उशीर झाला. तोवर ती दोन बस बदलून कामाला गेली होती.

मी लस घेतली जुलै २०२१ मध्ये, सरकारी केंद्रावर. टोचणाऱ्या सिस्टरला मी पाचसहा प्रश्न विचारले. मागची रांग ओरडत होती. तिनं तरी शांतपणे सांगितलं : ताप येईल, अंग दुखेल, खूप डोकं दुखलं किंवा दम लागला तर ताबडतोब ये. एवढीच दोन मिनिटं. तात्याला कुणी ही दोन मिनिटं दिली असती तर त्यानं माझ्यासारख्या अर्धवटाला कशाला विचारलं असतं? मग दोन दिवस ताप आला. दोन खाडे पडले, मुकादमानं दोन दिवसांची मजुरी कापली. आपले लोक अडाणी म्हणून लस घेत नाहीत, असं टीव्हीवर तोंड वर करून सांगणाऱ्यांनी हा खाडा कधी मोजला होता का?

एप्रिल २०२४ मध्ये पेपरात आलं की ॲस्ट्राझेनेका कंपनीनं ब्रिटनच्या कोर्टात कबूल केलंय, त्यांच्या लसीनं अतिशय क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. कोव्हिशील्ड त्याच फॉर्म्युल्याची. मित्र म्हणाले, "बघ, तुझी कविता खरी ठरली!" नाही ठरली, दोस्तांनो. केंद्राच्या समितीनं मे २०२१ मध्येच दहा लाख डोसांमागं ०.६१ असा आकडा दिला होता. केंद्रावर तो आम्हाला कुणी वाचून दाखवला नाही, हा गुन्हा आहेच. पण २०२२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की पहिल्या वर्षात लसीनं भारतात सुमारे ४२ लाख जीव वाचवले. पहिला आकडा दडवतो तो सरकारचा दलाल. दुसरा दडवतो तो माझ्यासारखा कवी. मेलेल्या माणसाला दोघांचाही उपयोग नाही.

आणि हे जुनं प्रकरण नाही. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत गोवराची साथ आली. पोरं मेली. लॉकडाऊनमध्ये त्यांचे डोस राहून गेले होते. काही घरांत घेऊ दिले नव्हते. माझ्या बहिणीच्या शेजारणीनं तिला सांगितलं, "तुझ्या भावानंच तर लिहिलंय ना, गरिबावर प्रयोग करतात म्हणून?" माझी कविता एका पाळण्यापर्यंत पोचली होती. ते पोर वाचलं. माझ्यामुळं नाही.

म्हणून सांगतो, संशय घ्या. तो आपला हक्क आहे, आपल्या बापजाद्यांनी त्याची किंमत मोजलीय. पण संशय घेतला की काम सुरू होतं, संपत नाही. विचारा, वाचा, दोन डॉक्टरांना भेटा, आणि मग ठरवा. जे ठरवाल ते वस्तीत कारणासकट सांगा. पुढची साथ येईल तेव्हा आपल्या प्रत्येक शाखेच्या फळ्यावर मराठीत लिहिलेलं असलं पाहिजे : लस कशाची, कुणी घेऊ नये, त्रास झाला तर कुठं जायचं. आणि मागणी अशी की संमतीचा कागद मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, आणि टोचल्यावरच्या तापाचे दोन दिवस कंत्राटी कामगाराला भरपगारी.

जयंतीला कविता म्हणणाऱ्या त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी भेटलो. त्याला तात्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "दादा, मग ती म्हणू नको का?" मी म्हटलं, म्हण. पण आधी तात्याचं सांग, मग म्हण. तरीही टाळ्या पडल्या तर मला येऊन सांग.

जयभीम.